वाघ्या, खंड्या आणि काळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे. कारखान्यांच्या दरवाजांवर सभा घेण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु आम्ही विषय कळवला तो कुत्र्यांचा. चिटणीसांनी फोन करून विचारले, ‘कुत्र्यांचा म्हणजे मालकांच्या हस्तकांचा ना?’ आम्ही म्हटले, ‘नाही हो, खऱ्या कुत्र्यांचा. चार पायांच्या.’ त्यांनी भिडेखातर विषय मान्य केला, त्याबद्दल त्यांचे आभार मानून प्रारंभ करतो.

विषय निवडण्याचे कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दासगावात आमच्या घरी एक कुत्री आहे. रंगाने काळी, म्हणून नावाने काळी. तिला तेरा वर्षे होऊन गेली आहेत आणि तिला कॅन्सर झाला आहे. गेले काही महिने आम्ही रात्री तिच्याजवळ बसतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत. त्यामुळे अडचण आली की पुस्तकाकडे धावायचे, ही आमची खोड. याही वेळी आम्ही पुस्तकाला विचारले : बाबांनो, आमच्या आधीच्या माणसांनी हे दुःख कसे सोसले? जे उत्तर सापडले ते आज आपल्यापुढे मांडतो.

महाडकरांपुढे कुत्र्याचा इतिहास सांगायचा म्हणजे आरंभ रायगडापासून करावा लागतो. येथून पंचवीसएक किलोमीटरवर तो गड आहे. गडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे. कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले, चितेला अग्नी दिला गेला, आणि त्यांचा इमानी कुत्रा वाघ्या याने त्या चितेत उडी घेतली. आमची आजी ही कथा सांगताना डोळ्यांना पदर लावीत असे, आणि आम्ही पोरे अंगणातल्या कुत्र्याकडे नव्या आदराने पाहत असू.

परंतु इतिहास म्हणून पाहू गेले तर काय दिसते? समकालीन कागदपत्रांत या वाघ्याचा आधार मिळत नाही. आज आपण पाहतो तो चौथरा आणि पुतळा १९३६ च्या सुमाराचा, आणि त्याला इंदूरच्या होळकरांची देणगी मिळालेली. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले. त्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाशीही या कथेच्या प्रसाराचा संबंध जोडला जातो. याच कारणाने पुतळ्याविषयी वाद झाले. २०१२ च्या पावसाळ्यात तो उखडला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हलवण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. एवढेच सांगतो की, २०१२ च्या त्याच पावसाळ्यात आमची काळी आमच्याकडे आली. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या दरवाजाबाहेर कामगारांचे धरणे चालले होते. ताडपत्रीखाली एक भिजलेले पिल्लू येऊन बसले, आणि अठराव्या दिवशी धरणे उठले तेव्हा कामगार कामावर गेले व पिल्लू आमच्या मोटारसायकलवर बसून दासगावला आले. त्या लढ्यातून आमच्या पदरात पडलेली ती एकच वस्तू.

वाघ्याची कथा खरी की खोटी, यापेक्षा आम्हांला तिची रचना अधिक विचार करण्याजोगी वाटली. तिच्यात आधी कोण मरतो? माणूस. मागे कोण राहतो? कुत्रा. शोक कोण करतो? कुत्रा. आता दुसरी कथा घ्या. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघाले. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडले. शेवटी युधिष्ठिर उरला आणि त्याच्या मागोमाग आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड. युधिष्ठिराने आश्रयाला आलेल्याला सोडण्याचे नाकारले, आणि कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला. फार थोर कथा आहे. परंतु तिथेही चार भाऊ आणि बायको मेली. कुत्रा धडधाकट राहिला! ज्याचा कुत्रा शेवटी धर्म निघतो त्याचे भाग्य मोठे. तुमचाआमचा कुत्रा शेवटी कुत्राच निघतो, आणि कुत्र्यासारखाच मरतो.

तिसरी गोष्ट जपानची, आणि ती तर घडलेली आहे. तोकियो शहरात उएनो नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांचा हाचिको नावाचा कुत्रा त्यांना घ्यायला शिबुया स्टेशनवर जात असे. मे १९२५ मध्ये प्राध्यापक कामावर असतानाच वारले. कुत्रा त्यापुढे जवळजवळ दहा वर्षे स्टेशनवर जात राहिला. १९३४ साली, तो जिवंत असतानाच, लोकांनी तेथे त्याचा पुतळा उभारला. ८ मार्च १९३५ रोजी तो रस्त्यावर मेलेला आढळला. मौज अशी की, त्याचे अवयव जपून ठेवलेले होते आणि २०११ साली तेथील शास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासले. तेव्हा कळले की, त्याच्या हृदयात आणि फुप्फुसांत कॅन्सर होता. सगळ्या जगाने त्याची निष्ठा पाहिली. त्याच्या फुप्फुसांतला रोग दिसायला शहात्तर वर्षे लागली.

ही बातमी आम्ही वाचली त्याच आठवड्यात काळीच्या छातीचा फोटो आमच्या हातात आला होता. त्यामुळे ती आमच्या मनाला फार लागली.

श्रोतेहो, निसर्गाचा हिशोब दंतकथेच्या अगदी उलट आहे. कुत्र्याचे आयुष्य दहा, बारा, फार तर पंधरा वर्षांचे. म्हणजे ज्याने कुत्रा पाळला त्याने बहुधा कुत्र्याचे मरण पाहायचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. मग आपण कथा उलट्या का रचल्या? आम्हांला वाटते, माणसाला आपल्यासाठी कुणीतरी रडावे याची हौस आहे आणि आपण एका जनावरासाठी रडलो हे सांगण्याची लाज आहे. म्हणून दंतकथेत कुत्रा माणसासाठी मरतो. इतिहासात मात्र माणूस कुत्र्यासाठी रडलेला सापडतो. त्याचे दोन दाखले सांगतो.

पहिला दाखला आपल्या शेजारचाच. माणगावजवळच्या गांगवली गावी १८ मे १६८२ रोजी संभाजी महाराज आणि येसूबाई यांना मुलगा झाला. तेच पुढचे छत्रपती शाहू महाराज. १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांच्या वडिलांना मारले, त्याच वर्षी रायगड पडला, आणि सात वर्षांचे ते मूल आईसह मोगलांच्या छावणीत कैदी म्हणून गेले. सुटका झाली १७०७ साली. म्हणजे खेळण्याबागडण्याचे आणि जवानीचे सारे दिवस शत्रूच्या तंबूत गेले. पुढे साताऱ्यास त्यांनी १७४९ पर्यंत राज्य केले. त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा विलक्षण नाद होता.

साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की, शाहू महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला होता. महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावे रीतसर सनद करून जहागीर दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. एकदा तर भरदरबारात त्याला जरीचे कपडे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. सातारकर या कुत्र्याचे नाव खंड्या असे सांगतात. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीस, जेथे शाहू महाराजांची समाधी आहे, तेथेच एका दगडी कुत्र्याची समाधी दाखवतात. ती खंड्याची, असे तेथील लोक परंपरेने मानत आले आहेत.

ग्रँट डफ हे सारे राजाचा विक्षिप्तपणा म्हणून लिहितो. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या माणसाने सातव्या वर्षी बाप गमावला, अठरा वर्षे पहाऱ्यात काढली, सुटून आल्यावर ज्याला आपल्याच घरच्यांशी गादीसाठी लढावे लागले, त्याला एक प्राणी असा भेटला की ज्याच्या मनात काही डाव नव्हता. त्याच्या डोक्यावर पगडी ठेवावीशी वाटली तर नवल ते काय? आणि नावही पाहा. खंड्या हे खंडेरायाचे नाव. रायगडचा वाघ्या हेही नाव खंडोबाच्या घरचे. देवापुढे कुत्र्यासारखे भुंकून कोटंब्यात वाढलेले खाणारे भक्त ते वाघे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा दाखवतात तो उगाच नव्हे. मराठी माणूस कुत्र्याला शिवी म्हणून वापरतो आणि कुत्र्याला नाव ठेवायची वेळ आली की देवाच्या दारातले नाव शोधतो!

दुसरा दाखला याहून आठशे वर्षे जुना, आणि तो दगडावर कोरलेला असल्याने त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्या काळी महाराष्ट्रावर आणि कर्नाटकावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंगराजा बूतुग यांनी चोळांचा पराभव केला. त्या लढाईत मणलेर नावाचा एक वीर पराक्रमाने लढला. स्वामी प्रसन्न होऊन म्हणाला, हवे ते माग. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने एक शिकारी कुत्रा मागितला. त्या कुत्र्याचे नाव, श्रोतेहो, काळी!

आम्ही जन्मभर मागण्यांच्या याद्या केल्या. महागाई भत्ता, बोनस, रजा, कायम करणे. समोरचा ‘हवे ते माग’ म्हणतो असा प्रसंग आमच्यावर कधी आला नाही. परंतु आला असता तर यादीत कुत्रा घालण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते. मणलेराला ते झाले. पुढे एका डोंगराजवळ त्या काळीने मोठ्या रानडुकराशी झुंज घेतली, आणि डुक्कर व कुत्रा दोघेही मेले. मणलेराने सध्याच्या मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावी देवळापुढे दगड उभा केला. त्यावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरली, खाली हकीकत लिहिली, दगडाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली, आणि वर बजावले की, जो पुजारी या दगडाची पूजा केल्यावाचून जेवेल त्याला त्या कुत्र्याचे पाप लागेल. हा लेख इसवी सन ९४९-५० मधला. दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका शिपायाने आपल्या कुत्र्याला कुणी विसरू नये म्हणून एवढा बंदोबस्त केला!

हे वाचून आम्हांला धीर आला. दोन दिवसांनी मात्र एक गोष्ट खटकू लागली. खंड्या काय आणि आतकूरची काळी काय, दोघांच्या हकीकती आपल्यापर्यंत आल्या त्या झुंजीमुळे, पराक्रमामुळे. आमच्या काळीने डुक्कर मारले नाही. तिचा आजवरचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे शेजारणीचे वाळत घातलेले बोंबील. ती आजारी आहे, आणि आजाराने मरणाऱ्या कुत्र्याचा दगड कुणी उभारत नाही. मग आजारी कुत्र्याचा इतिहास कुठे शोधायचा?

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. ती गोष्ट अभिमानाची. परंतु पुढे जे मोठे ग्रंथ झाले त्यांत शालिहोत्राने घोड्याचे वैद्यक सांगितले आणि पालकाप्याने हत्तीचे. घोडा आणि हत्ती ही लढाईची साधने, राजाचे भांडवल. कुत्रा वैद्यकात ठळकपणे येतो तो सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांच्या प्रकरणात. पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे काय होते, पाण्याची भीती वाटू लागली की रोगी कसा वाचत नाही, हे तेथे सांगितले आहे. म्हणजे हजारो वर्षे कुत्र्याच्या आजाराचा विचार झाला तो बहुधा एकाच प्रश्नासाठी : माणसाला धोका किती? आणि तो धोका खोटा नव्हता. पिसाळीची लक्षणे दिसू लागल्यावर आजही रोगी सहसा वाचवता येत नाही. त्यामुळे कुत्रा जरा लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला की माणसाचा हात काठीकडेच जायचा. भीती वाटते त्याची शुश्रूषा कोण करणार?

या भीतीपायी मुंबईत काय घडले ते कामगार चळवळीतल्या माणसाने तरी विसरू नये. इंग्रज सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढी आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना पैसे मिळत. जिथे नगावर मजुरी मिळते तिथे नग वाढतात, हे आपणांस सांगायला नको. १८३२ साली शिपाई लोकांच्या दारातली पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. मृताला शेवटचे पाहण्यासाठी कुत्रा आणण्याची त्यांची रीत आहे. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी मंडळी शिपायांवर धावून गेली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, बाजार बंद. हिंदू, जैन, इस्माइली मुसलमान असेही लोक सामील झाले आणि लष्कराचा शिधासुद्धा अडला. सरकारने फौज आणली, माणसे पकडली. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड झाली. मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीला तेव्हा वीस वर्षांहून अधिक अवकाश होता. गिरणीकामगाराने हत्यार खाली ठेवायच्या आधी या शहराने कुत्र्यासाठी हरताळ पाळला होता!

भीती खरोखर सैल झाली ती मात्र हरताळाने नव्हे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचली आणि मुलगा वाचला. आपल्याकडे पुढे पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची लस आली. आमच्या वयाच्या मंडळींना तिच्या नावानेच घाम फुटत असे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली आणि दंडात घ्यायच्या नव्या लशीने तिची जागा घेतली. कुत्र्यालाच लस टोचता येऊ लागली. काठी खाली ठेवता आली, म्हणून हात मोकळा झाला. आणि मोकळा हात मग त्या जनावराच्या पोटावरून फिरू लागला व तेथे गाठ आहे हे त्याला कळू लागले.

मुंबईत प्राण्यांना निर्दयपणे वागवण्यास आळा घालणारी संस्था १८७४ साली निघाली. त्याच साली शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या होत्या. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले, आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. इथेही आधी विचार झाला तो ओझे ओढणाऱ्या घोड्याबैलांचा. रांगेत कुत्रा शेवटी उभा होता. परंतु रांगेत उभा राहिला, हेही थोडे नव्हे.

आमचे वडील परळच्याच एका गिरणीत जॉबरच्या हाताखाली होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि आमचे बिऱ्हाड दासगावला परत आले. ते एक गोष्ट नेहमी सांगत. चाळीतल्या मोत्या नावाच्या कुत्र्याचा पाय गाडीखाली सापडला, तेव्हा खोलीतल्या चौघांनी त्याला गोणपाटात घालून त्या इस्पितळात नेले. कारकुनाने केसपेपर काढला आणि विचारले, ‘पेशंटचे नाव?’ वडील म्हणायचे, ‘मी सोळा वर्षे गिरणीत बिल्ल्याच्या नंबराने ओळखला गेलो, आणि इथे कुत्र्याचे नाव लिहून घेतात!’ हे सांगताना ते हसत, परंतु त्यांचे हसणे साधे नव्हते.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण तीही आपणांस उपयोगी पडेल. काळीच्या मागच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ लागली, ती दोन वर्षांपूर्वी. आम्ही म्हटले, दुधाची गाठ असेल, विरेल. निवडणुका होत्या, मग एका कारखान्याचा करार होता, मग पावसाळा. गाठ लिंबाएवढी झाली. आम्ही कामगारांना सांगत फिरतो की, छातीत कळ आली तर अंगावर काढू नका. आणि घरातली कुत्री अंगावर काढत होती, तिचे कोण ऐकतो? शेवटी तिला परळला नेले. त्याच आवारात, जिथे वडिलांनी मोत्याला नेले होते. तेथे कळले की, ज्या कुत्रीचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन वेळेवर, पहिल्या माजाआधी होते, तिला हा स्तनांचा कॅन्सर क्वचितच होतो. मोकाट कुत्री मारू नयेत, त्यांचे हे ऑपरेशन करून लस टोचावी, असे सरकारी नियम २००१ सालीच झाले, आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. आम्ही वर्तमानपत्रात ते वाचलेही होते. ते म्युनिसिपालिटीच्या कामाचे आहेत, असे समजून पान उलटले होते.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. फुप्फुसांत पांढरे ठिपके पसरले होते. गाठ काढून आता उपयोग नव्हता. डॉक्टर तरुण होते, भले होते. ते म्हणाले, ‘काका, काही महिने. दुखणे कमी ठेवता येईल.’

गावात परतल्यावर एका शेजाऱ्याने विचारले, ‘कुत्रीला मुंबईला नेलीत म्हणे?’ मग क्षणभर थांबून म्हणाला, ‘दरडीत माणसे गेली, त्यांना कुणी नेले होते का?’ जुलै २००५ ची ती दरड. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते मिळून दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरचे माणूस त्यांत होते. आम्ही मान खाली घातली. त्या प्रश्नाला फटकन उत्तर देणारा माणूस आम्हांला आवडला नसता.

परंतु प्रश्न मनात राहिला, आणि या महाड शहरात तो आणखी खोल जातो. याच शहरातल्या चवदार तळ्यावर कुत्र्यांमांजरांना पाणी पिण्याची मनाई नव्हती. अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्या सत्याग्रहाच्या जुळवाजुळवीत राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे आमच्या दासगावचे. पुढे ते कामगार चळवळीतलेही मोठे कार्यकर्ते झाले. ज्या गावाने हे पाहिले त्या गावात कुत्र्याच्या प्रेमाविषयी बोलताना जीभ अडखळली पाहिजे. परंतु नीट पाहा. तळ्यावर कुत्रा पाणी पीत होता तो काही तेथल्या लोकांचे कुत्र्यावर प्रेम होते म्हणून नव्हे. त्याची दखलच कुणी घेत नव्हते. माणसाला मात्र पारखून, हिशोबाने अडवले जात होते. तेथे एकाची दया कापून दुसऱ्याला दिली गेली नव्हती. तेथे दया नव्हतीच. म्हणून कुत्र्याजवळ बसल्याने माणसाचे देणे फिटत नाही, हे आम्हांला मान्य आहे. आणि कुत्र्याजवळून उठून गेल्यानेही ते फिटत नाही. मोर्चाची दोन्ही टोके आपणच चालायची असतात. त्या शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी सुकटीचा एक वाटा आणून दिला. म्हणाला, ‘खाते का बघा.’ काळीने खाल्ले.

आता शेवटची गोष्ट. डॉक्टरांनी परळला आणखी एक विचारले होते : फार हाल होऊ लागले तर झोपेचे इंजेक्शन द्यायचे का? आधी भूल चढते, जनावर गाढ झोपते, मग हृदय थांबते. घरात त्यावर तीन मते पडली. मुलगी म्हणाली, हाल करू नका. घरच्या मंडळींनी आपले मत सांगितले नाही, त्या नुसत्या तिला कालवून भात भरवत राहिल्या. आमची आई ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, ‘तिने आपल्याला कधी सांगितले का, मला मारा म्हणून?’ संपाचा ठराव आम्ही अनेकदा मताला टाकला आहे. हा मताला टाकता आला नाही, कारण जिचा प्रश्न तिला हात वर करता येत नव्हता.

आम्ही डॉक्टरांना पुन्हा फोन केला. त्यांनी आम्हांला एक काम दिले, आणि त्या कामाने आम्हांला फार आधार दिला. रात्री ती शांत झोपली म्हणजे घड्याळ समोर ठेवून छातीचे उठणेबसणे मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असेल तोवर फुप्फुसे निभावत आहेत. तीसच्या वर सारखे राहू लागले, मान ताणून श्वास घेऊ लागली, खाणे सोडले, ओळखीच्या माणसाला शेपूट हलवीनाशी झाली, तर कळवायचे. म्हणजे हात वर करता येत नसला तरी मत नोंदवता येते. ते मोजायला कुणी जागे असले पाहिजे. आईलाही हे पटले. ती म्हणाली, ‘मग तू मोज. तुला सभेतली डोकी मोजायची सवय आहे.’

तर असा हा इतिहास. मणलेराने दगड उभा केला, शाहू महाराजांनी सनद दिली, मुंबईकरांनी बाजार बंद ठेवला, पाश्चरने भीती सैल केली, परळच्या कारकुनाने नाव लिहून घेतले. या सगळ्यांची कमाई मिळून आमच्या वाट्याला काय आले? ओटीवरची गोधडी, गोळ्यांची पट्टी आणि घड्याळ. आतकूरच्या काळीच्या मालकाला हे मिळाले नव्हते. तिला डुकराने फाडले तेव्हा त्याच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून त्याने नंतर दगड केला. आम्हांला आधीच काही करता येते. दगड आम्ही करणार नाही. आवारात रातांब्याखाली जागा पाहून ठेवली आहे, तेवढे पुरे.

आपल्यापैकी ज्यांच्या दारात कुत्री असेल त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्या पोटावरून एकदा हात फिरवावा, आणि हरभऱ्याएवढे काही लागले तर पावसाळा संपायची वाट पाहू नये, एवढीच आमची विनंती आहे.

काल रात्री आकडा सव्वीस होता. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर आभाराच्या भाषणासाठी आम्ही थांबत नाही. दासगावकडची एस. टी. पावणेनऊला आहे, आणि नऊची गोळी तिला आमच्याच हातून लागते.